जीर्णोद्धार एका वाद्याचा

देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. भिंती सावरल्या, कळसाला नवा मुलामा दिला, सभामंडपांत फरशी बसविली, एवढ्यानें जीर्णोद्धार पुरा होत नाहीं. गाभाऱ्यांत पुनः दिवा लागला पाहिजे, सकाळसंध्याकाळ घंटा वाजली पाहिजे, आणि गांवचीं माणसें तेथें येऊं लागलीं पाहिजेत. तरच त्या शब्दांतील ‘उद्धार’ हा भाग खरा ठरतो. हाच नियम जुन्या वाद्यांसहि लागू आहे, असें आमचें मत आहे. आणि या महिन्यांत तें मत एका परदेशी वाद्याच्या निमित्तानें वाचकांपुढें मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे. तें वाद्य म्हणजे विलायती बनावटीचें जुनें क्लॅरिओनेट.

विषय थोडा दूरचा वाटेल. हें वाद्य आपल्याकडे वरातीपुढें चालणाऱ्या बँडामुळें सर्वांच्या कानांवरून गेलेलें आहे. पण हातीं घेऊन नीट पाहण्याचा प्रसंग फारसा येत नाहीं. तथापि आतां कित्येक घरांतील मुलेंबाळें इंग्लंडांत स्थायिक झालीं आहेत. तिकडे शाळकरी मुलांस एखादें वाद्य शिकविण्याची चाल आहे. आणि मग येथील आजीआजोबांकडे पृच्छा येते कीं, मुलीस क्लॅरिओनेट घ्यावयाचें आहे, नवें उत्तम वाद्य कांहीं लाख रुपयांस पडतें, तर जुनें घेतलें असतां चालेल काय? आमच्या घरींहि असाच प्रश्न आला. आम्ही स्वतः वादक नव्हे; आमचा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. परंतु जी वस्तु घरांत आणावयाची तिचें कूळ आणि तिची प्रकृति आधीं समजून घ्यावी, ही जुनी शिस्त आमच्या अंगीं मुरलेली असल्यामुळें आम्हीं या विषयाचा थोडाफार अभ्यास केला, व त्याचें सार येथें देत आहों.

प्रथम प्रकृति पाहूं. भरताच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केले आहेत. पैकीं सुषिर म्हणजे पोकळ, फुंकून वाजवावयाचें. बासरी व सनई यांप्रमाणेंच क्लॅरिओनेट हें सुषिर वाद्य होय. सनईची नळी वरून खालीं रुंद होत जाते, व तिच्या तोंडाशीं दुहेरी पत्ती असते. क्लॅरिओनेटची नळी बहुतेक सर्व लांबींत एकाच व्यासाची असते, व तिच्या माउथपीसवर एकच पत्ती बांधलेली असते. तीस रीड म्हणतात. ही पत्ती नळाच्या जातीच्या एका बोरूची असते, आणि या कामास उत्तम ठरलेला बोरू फ्रान्सच्या दक्षिणेस व्हार प्रांतांत पिकतो.

सरळ नळी आणि एका टोकास बंद झालेलें तोंड, या दोन गोष्टींमुळें या वाद्याचा एक विलक्षण स्वभाव बनला आहे. बासरींत किंवा सनईंत एखाद्या स्वराचीं बोटें तशींच ठेवून फुंक वाढविली, तर तोच स्वर वरच्या सप्तकांत निघतो. क्लॅरिओनेटमध्यें षड्जाचीं बोटें ठेवून अंगठ्याजवळची चावी उघडली, तर तार षड्ज न निघतां त्याच्याहि पुढचा पंचम निघतो. एका टोकास बंद असलेली सरळ नळी मूळ स्वराच्या तिप्पट, पांचपट अशा विषम पटींचे स्वरच मुख्यत्वें देते, हें त्याचें कारण. खालचा व वरचा टप्पा यांतील हें मोठें अंतर भरून काढावयाचें म्हणून या वाद्याला इतक्या चाव्या लागतात. खालच्या स्वरांत जो एक गूढ, पोकळ, काळोख्या विहिरींतून यावा तसा नाद ऐकूं येतो, त्याचेंहि मूळ याच स्वभावांत आहे.

आतां कूळ. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं योहान क्रिस्टोफ डेनर नांवाच्या कारागिरानें इसवी सन १७०० च्या सुमारास हें वाद्य घडविलें, असें मानतात. १८१२ सालीं इवान म्युलर यानें तेरा चाव्यांचें क्लॅरिओनेट पुढें आणलें. त्यानंतर पॅरिसमध्यें क्लोझे हा वादक व ब्युफे हा कारागीर या दोघांनीं मिळून नवी रचना केली. ती १८३९ सालीं प्रदर्शनांत मांडली गेली, व १८४४ सालीं तिचें पेटंट मिळालें. बासरीच्या सुधारणेबद्दल प्रसिद्ध असलेल्या बोम याच्या नांवानें ती ओळखली जाते. तींत सतरा चाव्या व सहा कडीं असतात, आणि आज बहुतेक सर्वत्र तीच चालते. इंग्लंडांत मात्र जुनी, साधी पद्धति पुष्कळ दिवस टिकली. हेन्री लाझारस (१८१५–१८९५) हे व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील तिकडचे सर्वश्रेष्ठ वादक ब्रुसेल्सच्या आल्बर्ट यांनीं बनविलेलीं साध्या पद्धतीचीं वाद्यें वाजवीत.

पुढें १९३० सालीं लंडनच्या बूसी आणि हॉक्स या दोन जुन्या पेढ्या एकत्र झाल्या, आणि त्या दशकांत त्यांच्या कारखान्यांतून ‘१०१०’ या आंकड्यानें ओळखलें जाणारें क्लॅरिओनेट बाहेर पडलें. विलायती क्लॅरिओनेटचा जो खास नाद म्हणून सांगतात, तो या वाद्याचा. त्याच्या नळीचा आंतील व्यास सुमारें १५.२ मिलिमीटर असतो. फ्रेंच वाद्याचा साधारण १४.६ च्या आसपास. फरक अर्ध्या मिलिमीटराहून किंचित् अधिक. पण तेवढ्यानें नाद रुंद, भरदार व मऊ होतो. फ्रेडरिक थर्स्टन (१९०१–१९५३), जॅक ब्रायमर (१९१५–२००३), जर्वाज द पेयर (१९२६–२०१७) या नामांकित वादकांनीं हीच वाद्यें वाजविलीं. थर्स्टन यांच्यासाठीं जॉन आयर्लंड यांनीं १९४३ सालीं ‘फँटसी सोनाटा’ लिहिली, आणि जेराल्ड फिंझी यांचा क्लॅरिओनेट कंचेर्टो १९४९ सालीं हेरफर्डच्या उत्सवांत त्यांनींच प्रथम वाजविला. म्हणजे वाद्य, वादक आणि संगीत हीं तिन्ही एकमेकांच्या सहवासांत वाढलीं.

परंतु हा संसार फार काळ टिकला नाहीं. फ्रेंच वाद्यांचा प्रसार जगभर झाला, तरुण वादक त्यांकडे वळले, आणि १९८० नंतरच्या दशकांत ‘१०१०’ चें उत्पादन बंद पडलें. उत्तर लंडनमधील एज्वेअर येथील ज्या कारखान्यांत हीं वाद्यें होत तो कारखानाहि आतां राहिला नाहीं. पीटर ईटन यांच्यासारख्या कारागिरानें रुंद नळीचीं वाद्यें पुढेंहि घडविलीं, म्हणून परंपरेचा धागा अगदींच तुटला नाहीं, इतकेंच. ज्याला तो नाद हवा, त्याला बहुधा जुन्या वाद्याकडेच जावें लागतें. जुनें वाद्य घेण्यामागें केवळ काटकसर नसते. कित्येकांच्या बाबतींत ती एका लोपत चाललेल्या आवाजाची ओढ असते.

आतां खरेदीकडे वळूं. कारण चूक होते ती येथेंच. आमच्या पुतण्याची कन्या लीड्स येथें शाळेंत जाते. वय वर्षें चौदा. तिच्या वडिलांनीं एका घरगुती लिलावांतून जुनें क्लॅरिओनेट थोडक्या पैशांत आणलें. काळेंभोर लांकूड, चकचकीत चाव्या, आंत जांभळ्या मखमलीची पेटी. पाहतांच मन प्रसन्न व्हावें असें वाद्य. मुलगी मन लावून शिकूं लागली. दोन महिन्यांनीं शाळेच्या वाद्यवृंदांत बसली, आणि आठ दिवसांत हिरमुसली झाली. आमच्याशीं दूरध्वनीवर बोलतांना ती म्हणाली, “अण्णा आजोबा, मी घरी एकटी वाजवते तेव्हां छान वाजतं. सगळ्यांबरोबर वाजवलं कीं सगळे माझ्याकडे वळून बघतात.” घरांत चर्चा सुरू झाली कीं, मुलीला सुराचा कान नाहीं, उगाच पैसे घालवूं नयेत. आम्ही चाळीस वर्षें शिक्षकी केली. ‘याला येणारच नाहीं’ हें वाक्य घरांत एकदां उच्चारलें गेलें म्हणजे मुलाचें काय होतें, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. सुदैवानें तिच्या नव्या संगीतशिक्षिकेनें वाद्य हातांत घेऊन उजेडाकडे धरलें, आणि कारखान्याच्या शिक्क्याखालीं कोरलेलीं दोन बारीक अक्षरें दाखविलीं: एच. पी. मुलीचा कान निर्दोष होता. दोष वाद्याचाहि नव्हता. त्या दोघांचा आणि त्या वाद्यवृंदाचा षड्जच एक नव्हता.

या दोन अक्षरांचा अर्थ ‘उंच पट्टी’ असा आहे. आपल्याकडे गवई आपल्या गळ्यास सोसेल तो षड्ज धरतो, व तंबोरा त्यास अनुसरून लावतात. युरोपांत शेंपन्नास वाद्यें एकत्र वाजावयाचीं, म्हणून सर्वांसाठीं एक स्वर ठरवून द्यावा लागतो. आज तो सेकंदास ४४० कंपनांचा आहे. १९३९ सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत तो मुक्रर झाला. परंतु व्हिक्टोरियाच्या काळांतील इंग्लंडांत हाच स्वर सुमारें ४५२ कंपनांवर चढलेला होता. हा फरक सरासरीनें आपल्या एका श्रुतीच्या जवळपास येतो. एक श्रुति म्हणजे थोडी वाटते; पण सर्व मेळा एका जागीं आणि आपण एक श्रुति वर, ही स्थिति किती दुःसह असते, हें गाणें ऐकणाऱ्यास सांगावयास नको.

ही उंच पट्टी उतरली कशी, याची हकीकत मनोरंजक आहे. १८९५ सालीं लंडनच्या क्वीन्स हॉलमध्यें हेन्री वुड यांच्या नेतृत्वाखालीं उन्हाळी जलसे सुरू झाले. तेच आज ‘प्रॉम्स’ या नांवानें विख्यात आहेत. या जलशांस पैसा पुरविणारे गृहस्थ म्हणजे डॉक्टर जॉर्ज कॅथकार्ट, हे घशाच्या रोगांचे तज्ज्ञ. त्यांनीं अट घातली कीं, पट्टी खालीं आणली पाहिजे. कारण उंच पट्टीनें गायकांचे गळे बिघडतात, असें त्यांचें मत होतें. सुषिर वाद्यें वाजविणारे वादक अडून बसले, कारण पट्टी बदलावयाची म्हणजे प्रत्येकानें नवें वाद्य विकत घ्यावयाचें. तेव्हां डॉक्टरसाहेबांनीं बेल्जममधून खालच्या पट्टीच्या वाद्यांचा संचच मागविला, व तो वादकांस वापरावयास दिला. पुढें नवी पट्टी कायम राहणार अशी खात्री पटल्यावर वादकांनीं तीं वाद्यें त्यांच्याकडून विकत घेतलीं. १८९६ सालीं तेथील फिलहार्मोनिक सोसायटीनेंहि पट्टी उतरविली. लष्करी बँड मात्र १९२० नंतरचें दशक संपत येईपर्यंत उंच पट्टीसच चिकटून राहिले. एवढीं वाद्यें बदलण्याचा खर्च हें त्याचें उघड कारण होतें. म्हणूनच १९३० पूर्वींचीं पुष्कळ विलायती क्लॅरिओनेटें उंच पट्टीचीं निघतात, आणि नेमकीं तींच आज स्वस्त मिळतात.

कोणी म्हणेल, वाद्य उंच बोलतें तर मध्यें एक लांब तुकडा बसवून तें खालीं आणतां येणार नाहीं काय? येत नाहीं. उंच पट्टीचें वाद्य दीड-दोन सेंटिमीटर आखूड असतें, आणि त्याचीं सर्व छिद्रेंहि त्याच प्रमाणांत जवळजवळ असतात. वरचा तुकडा लांबविला तर वरच्या छिद्रांतून निघणारे स्वर पुष्कळ उतरतात, खालच्या छिद्रांतून निघणारे थोडेच उतरतात, आणि स्वरांतील परस्पर अंतर बिघडून जातें. लहान मुलाच्या अंगरख्याला लांब गळपट्टी जोडली म्हणून तो थोर माणसाच्या अंगीं बसत नाहीं, तसेंच हें आहे.

तेव्हां जुनें वाद्य घेणाऱ्यानें चार गोष्टी क्रमानें पाहाव्या. पहिली, पट्टी: एच. पी. कीं एल. पी. हीं अक्षरें शोधावीं. अक्षरें नसल्यास जाणत्याकडून प्रत्यक्ष स्वर पडताळून घ्यावा. दुसरी, रचना: साध्या पद्धतीच्या वाद्याचीं बोटें वेगळीं असतात, आणि आजचा शिक्षक बहुधा बोम पद्धतीच शिकवितो. तिसरी, लांकूड: जोडांजवळ व वरच्या छिद्रांजवळ तडे आहेत काय, हें भिंगानें पाहावें. चौथी, माउथपीस: ‘१०१०’ च्या रुंद नळीला तशाच रुंद, सरळ पोकळीचा माउथपीस लागतो. मूळचा हरवला असून त्या जागीं फ्रेंच घाटाचा बसविलेला असला, तर स्वर ठिकाणावर लागत नाहींत. आणि गिऱ्हाइकास वाटतें कीं वाद्यच बेसूर आहे. मूळ माउथपीस सोबत असलेलें वाद्य थोडें महाग पडलें तरी तेंच घ्यावें. शिकाऊ मुलांस ‘१०१०’ ची आवश्यकता नाहीं. त्याच कारखान्याचीं ‘रीजंट’ व ‘एज्वेअर’ हीं साधीं वाद्यें पुष्कळ निघालीं, व तीं आजहि अल्प किंमतींत मिळतात. त्यांहून वरच्या दर्जाचें ‘इंपीरियल ९२६’ हें होय.

आतां दुरुस्तीचा विचार. हें लांकूड आफ्रिकेंत, विशेषेंकरून टांझानिया व मोझांबिक या देशांत होणाऱ्या एका काळ्या झाडाचें असतें. आमच्या वाचकांस आश्चर्य वाटेल कीं, आपल्या घरांतील पाट आणि पलंग ज्या शिसवाचे, त्याच कुळांतील हें झाड आहे. त्याची तोड फार झाल्यामुळें २०१७ सालीं या सर्व कुळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. तयार वाद्यांस २०१९ सालीं त्यांतून सूट मिळाली. नव्यासाठीं झाड तोडण्यापेक्षां ऐंशीं वर्षांपूर्वीं तोडलेल्या झाडाचें वाद्य बोलतें करणें, यांतहि एक पुण्य आहे असें आम्हांस वाटतें.

कारागीर प्रथम सर्व चाव्या उतरवितो. कित्येक वर्षांत गंजून बसलेल्या स्क्रूवर तेलाचा थेंब सोडून तो धीर धरतो. येथें घाई करणारा मनुष्य स्क्रूचें डोकें मोडून बसतो. चाव्या जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तांबें, निकेल व जस्त यांच्या मिश्रणाच्या, असून वर निकेलचा किंवा चांदीचा मुलामा असतो. त्या पुसून स्वच्छ कराव्या, पण घासूनघासून मुलामा उडवूं नये. लांकडावरचा मळ काढून, तें फार सुकलें असल्यास बदामाच्या तेलाचा हलका हात फिरवितात. बारीक तडा असल्यास शिसवी भुकटी व चिकट द्रव्य भरून बुजवितात. मोठा असल्यास आडव्या पोलादी खिळ्या बसवून आवळतात.

मग पॅड. प्रत्येक चावीखालीं छिद्र झांकणारी एक लहान गोल गादी असते. ती लोकरी नमद्याची असून तिच्यावर पातळ पापुद्रा मढविलेला असतो. व्यापारांत या पापुद्र्यास ‘माशाचें कातडें’ म्हणत असले तरी वस्तुतः तो गुरांच्या आंतड्याचा असतो. ज्या घरांत या गोष्टींचा विधिनिषेध आहे, त्यांनीं कारागिरास आधींच सांगून बुचाचे किंवा कृत्रिम पॅड बसवून घ्यावे. ते उत्तम काम देतात. पॅड चावींत बसविण्यास जुने कारागीर लाखच वापरतात. आपले सोनार ज्या लाखेवर दागिना बसवून घडवितात तीच ही. वाद्याचे तुकडे ज्या कुसवांनीं एकमेकांत बसतात त्यांवर नवें बूच चढवितात, मोडलेल्या स्प्रिंगा बदलतात, आणि शेवटीं परीक्षा घेतात. सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखालीं धरून चावी मिटावी व पट्टी हळूच ओढावी. चोहोंबाजूंनीं सारखीच अडली तर पॅड नीट बसलें. नंतर तुकड्याचें खालचें तोंड तळहातानें बंद करून, सर्व छिद्रें झांकून, वरून हवा ओढावी. क्षणभर पोकळी टिकली तर वाद्य घट्ट झालें. एवढीशी फट राहिली तरी खालचे स्वर बोलत नाहींत, आणि तेथेंहि दोष शिकणाऱ्याच्या फुंकेस दिला जातो.

हें सर्व करतांना एक पथ्य पाळावयाचें असतें. वाद्य नवें दिसावें म्हणून खटपट करूं नये. कोणा अज्ञात वादकाच्या बोटांनीं एखादी चावी झिजली असेल, तर ती झीज वाद्याच्या कामास बाध आणीत नाहीं. ती राहूं द्यावी. छिद्रें कोरून मोठीं करणें, नळी आंतून घासणें, असल्या ‘सुधारणा’ तर कधींच करूं नयेत. जुन्या पोथीची शाई उडाली म्हणून तिच्यावर आपल्या हातानें नवीं अक्षरें गिरविणारा मनुष्य पोथी वाचवीत नाहीं, ती घालवितो.

दुरुस्त झालेलें वाद्य वाजविण्याचीहि रीत आहे. पुष्कळ वर्षें मुकें राहिलेलें लांकूड कोरडें झालेलें असतें. फुंकेंतील ओलावा आंतून लागतो, आंतली बाजू फुगते, बाहेरची तशीच राहते, आणि लांकूड तडकतें. म्हणून पहिले कांहीं आठवडे दिवसास दहापंधरा मिनिटेंच वाजवावें, मग हळूहळू वेळ वाढवावा, आणि प्रत्येक वेळीं आंतून फडकें ओढून नळी कोरडी करावी. लंघनानंतर रोग्यास प्रथम पेज देतात, पक्वान्न देत नाहींत. तोच न्याय येथें आहे. रुंद नळीचें वाद्य वादकाच्या ओठांकडून व कानाकडून कामहि अधिक घेतें. स्वर आपोआप ठिकाणावर पडत नाहीं, तो आणावा लागतो. परंतु अशा वाद्यावर शिकलेला कान पुढें कोठेंहि अडत नाहीं, असें अनुभवी लोक सांगतात.

या वाद्याचा आपल्याशीं संबंध बँडापुरताच आहे, असेंहि समजूं नये. तंजावरच्या मराठी राजघराण्यांतील दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८–१८३२) यांनीं आपल्या दरबारीं पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला होता. आणि त्याच शतकांत क्लॅरिओनेट तंजावरच्या नृत्याच्या साथींत शिरून दक्षिणेच्या संगीतांत रुजलें. पश्चिमेकडील संगीतलिपि शिकलेल्या गोमंतकीय वादकांनीं तें मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांतहि वाजविलें. परक्याचें वाद्य आपलेंसें करण्याची कला आपल्या लोकांस नवी नाहीं.

लीड्सच्या मुलीस पुढें एका दुरुस्तकाराकडून तयार केलेलें जुनें ‘एज्वेअर’ घेऊन दिलें. आतां ती वाद्यवृंदांत दुसऱ्या रांगेंत बसते, आणि कोणी वळून पाहत नाहीं. तिच्या मतें यापरतें सुख नाहीं. राहिलें तें एच. पी. वाद्य. तें परत विकावें कीं भिंतीवर टांगावें, असा विचार चालला होता. आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, ज्या संगीतांत षड्ज ठरलेला नसतो त्या संगीतांत उंच पट्टी हा दोषच नव्हे. तिच्या आजीजवळ विजेवर चालणारा तंबोरा आहे. त्याचा षड्ज हवा तेवढा चढवितां येतो. तो त्या वाद्याशीं जुळवून घेतला, आजीनें त्यावरच आपला गळा लावला, आणि आतां दर शनिवारीं संध्याकाळीं शंभर वर्षांपूर्वींचें तें वाद्य भूपाचीं सरगम काढतें. भूप संध्याकाळींच का, याबद्दल नातीनें आजीशीं वादहि सुरू केला आहे, असें कळतें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या हातीं घरच्या खर्चाची किल्ली आहे, त्यांस आमचें सांगणें इतकेंच: मुलांसाठीं जुनें वाद्य घेण्यास संकोच करूं नका. पण घेण्यापूर्वीं त्याची पट्टी पाहा, दुरुस्तीसाठीं खरेदीइतकाच पैसा बाजूस ठेवा, आणि घरीं आलेलें वाद्य कपाटांत न ठेवतां रोज वाजेल अशी व्यवस्था करा. आणि मूल बेसूर वाजवीत आहे असें वाटलें, तर त्याच्या कानाविषयीं मत देण्यापूर्वीं वाद्य एकदां उजेडाकडे धरून पाहा.